नमुन्याच्या गादीवर लागलेली झोप

ती. आईंना,

तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली गरगरतं, तेव्हा हा बसल्या जागेवरून केला आहे असं समजून गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरता ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "काय गं, आवाज असा का?" म्हणता, मी "कुठं काय, सगळं छान" म्हणते, आणि एकदा छान म्हटल्यावर खरं सांगायला तोंड उरत नाही. कागद मध्ये काही विचारत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गाद्यांच्या दुकानात मालकांचा एक नियम आहे. गिऱ्हाईक चार लोकांत आडवं व्हायला लाजतं. नुसतं दोन बोटांनी गादी दाबतं आणि "सांगतो घरी विचारून" म्हणत काढता पाय घेतं. म्हणून विक्रेतीनं आधी स्वतः आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, समाधानाचा एक सुस्कारा सोडायचा (तो कसा सोडायचा हे मालकांनी स्वतः सोडून शिकवलं आहे) आणि टुणकन उठून म्हणायचं, "आता तुम्ही बघा." सुस्काऱ्यात माझा हात धरणारं दुकानात कुणी नाही, हे मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आले.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई गादी बघायला आले. आदल्या रात्री थोरलीला ताप होता. धाकट्याला शाळेच्या नाटकात झाड व्हायचं होतं, आणि फांद्या लागतील हे त्यानं अंथरुणात शिरल्यावर सांगितलं. सकाळी डबे, कपडे, पुन्हा ताप बघणं, आणि सुट्टी मागावी तर मागच्या महिन्यातली अजून मालकांच्या डोळ्यात सलतेय. तुमचे चिरंजीव मदत करत नाहीत असं मी म्हणणार नाही. "मी काही मदत करू का?" असं ते रोज न चुकता विचारतात. विचारलं की त्यांना पुष्कळ हलकं वाटतं. असो. तर मी गादीवर आडवी झाले, डोळे मिटले, सुस्कारा सोडला. पुढचं मला काही आठवत नाही.

पुढचं आमच्या कॅशिअरबाईंकडून कळलं. मास्तर भले गृहस्थ, प्रात्यक्षिक जरा लांबलंय असं समजून हाताची घडी घालून उभे राहिले. मग मी घोरायला लागले. काही हवं-नको बघावं म्हणून ते वाकले, तर मी त्यांचा हात घट्ट धरला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दप्तर भरलंस का? आधी नाक पूस!" आई, त्या बिचाऱ्यांनी खिशातून रुमाल काढून निमूटपणे नाक पुसलं हो.

तेवढ्यात मालक आले. ते मला गदागदा हलवणार, तोच मास्तरांच्या बाई मध्ये आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात लावू नका तिला. भर दुकानात अशी झोप लागते ती काय सुखानं?" कॅशिअरबाईंनी (त्यांच्याही घरी तीन कार्टी आहेत, त्यांना सांगावं लागत नाही) कपाटातली नवी चादर काढून माझ्या अंगावर घातली. मास्तरांच्या बाई उशाशी बसल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तोंडावर बोट ठेवून गप्प करत राहिल्या. लोक चवड्यावर चालत आले, मला बघून गेले, आणि संध्याकाळपर्यंत त्या जातीची एकही गादी दुकानात शिल्लक राहिली नाही. मालकांचा राग तिथंच विरघळला. माझी लाज मात्र विरघळली नाही. जाग आली तेव्हा नमुन्याच्या उशीवर माझी लाळ होती आणि भोवती अनोळखी माणसं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी लाज पुढेच आहे. बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी कोण आहे गं तुझ्या मदतीला?" मी पटकन म्हणाले, "सासूबाई आहेत ना. सगळं त्याच बघतात." बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "नशीब काढलंस. माझा नमस्कार सांग त्यांना."

तो तुम्हाला सांगितला. लिहिताना मान वर होत नाही.

कॅशिअरबाईंनी तशीच दंडाला धरून मला डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब चढलाय म्हणाले, गोळी दिली आणि विश्रांती घ्या म्हणून बजावलं. ती कुठं मिळते, असं विचारणार होते. मग आठवलं, आमच्याच दुकानात.

काळजी करू नये. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची सून

ता. क. वर 'मजेत आहोत' लिहिलंय ते हाताच्या सवयीनं. मजेत नाही.

ता. क. दुसरा. गेल्या खेपेला तुम्ही स्वयंपाकघरातले डबे हलवलेत म्हणून मी फुगून बसले होते. "राहू का अजून थोडे दिवस?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा तुमची बॅग मीच भरून दाराशी ठेवली होती. तुम्ही ती बघितलीत आणि चपला घातल्यात. आई, डबे कुठंही ठेवा. मिठाच्या जागी साखर ठेवा. मी बाईंना जे खोटं सांगितलं, ते खरं करायला याल का?

ता. क. तिसरा. पाकिटात जड लागतेय ती आमच्या दाराची किल्ली. आलात की बेल वाजवू नका, मी झोपलेली असेन.