धारूरच्या परण्यातला अंतरा

अण्णा,

सोमवार, बारा मे, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण धारूर, मारुतीच्या देवळासमोरचा रस्ता. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण नवरदेवाच्या मामाच्या हातात नवं घड्याळ होतं आणि तो ते दर दोन मिनिटांनी मोठ्यानं वाचून दाखवत होता. छत्तीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात नोकरी केली. तारीख आणि वेळ नसलेली तक्रार मी कुणाची घेतली नाही, तेव्हा स्वतःचीही घेणार नाही. त्या वेळी, त्या ठिकाणी, तुम्ही खोटं बोललात, आणि मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या उशिरा हे उकरून काढायचं कारण म्हणजे ती बाई गेल्या महिन्यात वारली. कोणती बाई, असं विचारू नका. जिच्या गाण्यावर तुम्ही घाटनांदूरपासून पार पालीपर्यंत नवरदेव नाचवलेत, ती. तिचं नाव तुम्हाला जन्मात म्हणता आलं नाही. तुम्ही तिला ‘सिस्टरची बाई’ म्हणायचात. सकाळी चहा घेताना भाचीनं फोनवर फोटो दाखवला. पांढरे केस, काळा झगा, स्टेजवर खुर्चीत बसलेली. खाली स्पॅनिश बातमी होती, ती भाचीनं फोनकडूनच इंग्रजी करून घेतली. मी कप खाली ठेवला आणि रडले. भाची घाबरली. म्हणाली, “मावशी, तू ओळखायचीस का हिला?” आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

कॅसेट सिस्टरनी दिली होती, आठवतं? आमच्या शाळेत संगीत आणि शिवण शिकवणाऱ्या, त्या बाईच्याच देशातून आलेल्या सिस्टर. प्रार्थनेला पेटी वाजवायला मला बसवायच्या. बँडवाल्याची पोर म्हणून वर्गातल्या मुली मला ‘पिपाणी’ म्हणायच्या, आणि सिस्टर त्यांना उभं करून सांगायच्या, “पिपाणी वाजते. तू काय वाजते?” आठवी संपली तेव्हा त्यांनी ती कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि आतला कागद उलगडून तिची सगळी कहाणी वाचून दाखवली. समुद्राकाठचं गाव. आई हॉटेलांच्या चादरी धुणारी. पोरगी बोटीच्या धक्क्यावर उतारूंसमोर गायची, गाणी स्वतः रचायची. सोळाव्या वर्षी रेडिओच्या स्पर्धेत पहिली आली. तिथं बसलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं तिला शहरात नेलं, झगमगीत कपडे घातले, आणि पुढे तिच्याशी लग्न केलं. पाच वर्षांत ती अख्ख्या खंडात वाजायला लागली. बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, फुटबॉलच्या मैदानात. दौऱ्यावर असताना आई गेली आणि हिला पोचायला दोन दिवस उशीर झाला. त्या दोन दिवसांचं गाणं म्हणजे कॅसेटवरचं तिसरं. कागदावर त्या गाण्याखाली दोन नावं होती, आधी नवऱ्याचं, मग तिचं. सिस्टरनी नवऱ्याच्या नावावर नख आपटलं. “हा माणूस एक ओळ नाही लिहिला. आमच्या गावात बकऱ्यांना पण माहीत आहे.”

तुम्हाला मी ही सगळी हकिकत सांगितली होती. तुम्ही टेपरेकॉर्डरला कान लावून बसला होतात. बँडचं नवं गाणं बसवायची आपली रीत ठरलेली होती: तुम्ही टेप मागे-पुढे करायची, मी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सरगम लिहायची, आणि मग तुम्ही ती पाठ करायची. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण एकदा कानात गेलेला सूर तुम्ही सोडत नव्हतात. मुखडा ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारली. “ह्याच्यावर परण्या चालंल!” नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघतो, त्या मिरवणुकीला हे गाणं? मी म्हटलं, “अण्णा, ती आईच्या मरणाचं गातेय.” तुम्ही म्हणालात, “मग काय झालं? सनई काय हसती व्हय? लग्नात कुनी ना कुनी रडतंयच.” दुसऱ्या दिवशी मी हे तक्रारीच्या सुरात सिस्टरांना सांगितलं, तर त्या उलट खूश झाल्या. त्यांच्याकडेही लोक त्या गाण्यावर नाचतात म्हणे. रडायला उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की पाय हलतात. तुमचं दोघांचं त्या बाबतीत जमलं असतं. मला मात्र तेव्हा तुम्ही दोघेही निर्दय वाटलात.

मग तुमच्या त्या मागे-पुढे करण्यात टेपनं फीत खाल्ली. नेमकी तिसऱ्या गाण्याच्या मधोमध. मुखडा नीट, शेवट नीट, आणि मधला अंतरा म्हणजे पाण्यात बुडालेल्या माणसाचं बोलणं. फीत सोडवून पेन्सिलीनं गुंडाळली, ताणली, काही उपयोग झाला नाही. धारूरची सुपारी आठ दिवसांवर आली होती.

आई चुलीपाशी भाकरी थापतेय. मी परातीत पीठ चाळतेय आणि तिच्या थापांवर मुखडा गुणगुणतेय. मुखडा संपतो आणि थाप थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही. पुढे जाते. खाली उतरते, एका सुरावर जरा अडते, वळसा घेऊन पुन्हा वर येते. दारात तुम्ही उभे आहात, दाढीचा साबण एकाच गालावर. “पुन्हा म्हन.” मी पुन्हा म्हणते. “आजून येकदा.” मग तुम्ही क्लॅरिनेट घेऊन उंबऱ्यावरच बसता आणि आई ओरडते, “आवं, चुलीपशी फुकू नगा, पिठात थुका उडतीया!” तुम्ही थांबत नाही. त्या दिवशी तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत, पण भाकरी खाताना तुमचा हात मध्येच थांबायचा आणि बोटं हवेत भोकं शोधायची. मला ती शाबासकीच वाटली होती. मी चौदा वर्षांची होते, फार स्वस्तात खूश व्हायचे.

धारूरला तुम्ही मला बरोबर नेलंत. बँडच्या गाडीत पोरगी म्हणून आईनं आकांत केला, तरी नेलंत, कारण अंतरा तुमच्या अंगात अजून मुरला नव्हता. ठरलं असं, की मी पुढं बायकांच्या घोळक्यात उभं राहायचं, मुखडा संपत आला की तुम्ही माझ्याकडे बघायचं आणि मी ओठांनी सुरुवात द्यायची. तसंच झालं. तुम्ही बघितलंत, मी दिली, आणि पुढचा अर्धा तास घोडं जागचं हललं नाही. नाचणाऱ्यांनी हलूच दिलं नाही. म्हाताऱ्या बायका पदर खोचून उतरल्या. मारुतीपाशी पोचल्यावर नवरीचे वडील, तालुक्याचे पुढारी, स्वतः घाम पुसत तुमच्याकडे आले. “मास्तर, कोन्या पिच्चरचं गानं म्हनायचं हे?”

“पिच्चरचं न्हाई साहेब.”

“मग?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते मी पाहिलं, नाही म्हणू नका. आणि म्हणालात, “म्या बसवलंय साहेब. चाल आपलीच हाय.”

त्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढून तुमच्या डोक्यावर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामानं घड्याळ वाचलं.

परतताना टेम्पोत मी ढोलावर टेकून बसले होते. म्हटलं, “अण्णा, मुखडा त्या बाईचा आणि अंतरा माझा होता. तुमचं त्यात फुंकण्यापलीकडे काय होतं?” तुम्ही म्हणालात, “तुजं नाव सांगून काय करू? उद्या समदा धारूर म्हनंल, बँडवाल्याची पोरगी चाली बसवती, वरातीत हुबी ऱ्हाती. कोन करील तुला?” मी म्हटलं, “नाही केलं तर नाही.” तुम्ही म्हणालात, “तोंड लई चालाया लागलंय. सिस्टरनं हेच शिकिवलं का?” घरी पोचल्यावर मी सरगमची वही फाडून चुलीत घातली. त्यानंतर तुमच्यासाठी एक सूर लिहिला नाही. पेटीवरही बसले नाही. सिस्टरनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

चाल मात्र राहिली. ‘मास्तरची चाल’ म्हणून इतर बँडवाल्यांनीही उचलली. माझ्या स्वतःच्या लग्नात दुसऱ्या बँडनं ती वाजवली, अंतरा अर्धा चुकीचा. मी अक्षतांखाली दात आवळून उभी होते.

आणि तिकडे ती बाई. सिस्टर होत्या तोवर त्यांच्या मासिकांतून आणि पुढे जमेल तिथून मी तिचं काय चाललंय ते बघत राहिले. तिनं नवऱ्याला सोडलं, तेव्हा कंपनीनं तिच्या रेकॉर्डी काढायचं बंद केलं. बारा-चौदा वर्षं ती हॉटेलांत, जेवणाऱ्यांच्या काट्या-चमच्यांच्या आवाजात गात होती. ज्या हॉटेलांच्या चादरी आईनं धुतल्या, तसल्याच. मग तिनं दावा लावला. सरळ, धीटपणे, स्वतःच्या नावासाठी. वाचून मला इतका आनंद झाला होता, की मी ऑफिसात पेढे वाटले आणि कारण विचारलं तेव्हा भाऊ पास झाला असं सांगितलं. साठीला आल्यावर तिला गाणी परत मिळाली. तोवर आवाज खाली बसला होता. त्या बसलेल्या आवाजात तिनं तीच गाणी पुन्हा म्हटली, संथ, आणि लोकांनी ती जास्त ऐकली. पहिल्यांदा त्यांच्याखाली एकच नाव होतं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, अण्णा, असं असतं.

पण तुमचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागून गेला होता. पुढचे दात पडले आणि क्लॅरिनेट खुंटीला लागलं. मग छाती. तुम्ही माझ्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पडून होतात. मी कोर्टातून येते, खांद्याची पर्सही उतरवलेली नाही. तुमची बोटं चादरीवर हलताहेत. तुम्ही म्हणता, “बाई, ते मधलं कसं हुतं गं? मुखडा येतोय, पन फुडं वाट सापडंना. म्हनून दाव की जरा.” मला तेव्हा तो अंतरा सुरान्‌सूर पाठ होता. मी म्हणते, “चाल तुमची आहे ना, अण्णा? मग तुम्हीच आठवा.” “हां. बराबर हाय,” म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. चौथ्या दिवशी गेलात. या चार दिवसांत मी तुम्हाला औषध दिलं, भात भरवला, पाठ पुसली. अंतरा दिला नाही.

ती बाई गेल्याची बातमी आली, त्या सकाळी भाचीनं फोनवर ते तिसरं गाणं लावलं, अख्खं. टेपनं खाल्लेला भाग मी एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकला. तिचा अंतरा वर चढतो, अण्णा. माझ्यासारखा खाली उतरत नाही. त्यात माझं काही नाही आणि माझ्यात तिचं काही नव्हतं. म्हणजे तो माझाच होता. मी भाचीला सांगितलं, “बघ, हा पुरावा.” ती म्हणाली, “कसला?”

मग मी घाटनांदूरला गेले. तुमच्या बँडमधले एकटे ढोलवाले काका उरलेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं. “मास्तरची फटाकडी आली गं!” म्हणून सुनेला चहा टाकायला लावला. मी विचारलं, अंतरा आठवतो का? ते म्हणाले, “मला ठेका ठावं बाई, चाल मास्तरच्या तोंडात.” ठेका त्यांनी बाजेवर वाजवूनही दाखवला. मग म्हणाले, “येक मातर व्हतं. त्या गान्याचा मुखडा सरत आला का मास्तर दर बारीला बायांच्या घोळक्याकडं बघायचे. कंचंबी गाव असू दे, कुनाचंबी लगीन. आमी चिडवायचो, मास्तर, म्हातारपनी कुनाला हुडकताव? कशापायी बघायचे ते काय आमाला कळलं न्हाई.” मी चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून विचारते. त्या दिवशी खाटेवर तुम्ही खरंच विसरला होतात, की ती चाल माझी आहे हे तुम्हाला तेवढ्याच शब्दांत सांगता येत होतं? विसरला असाल तर मी मरणाऱ्या माणसाला घोटभर पाणी नाकारलं. सांगत असाल, तर मी पंचवीस वर्षं ज्याची वाट बघत होते ते आलं आणि मी त्याला दारातून परत पाठवलं. मला यातलं कोणतं ते कळायला हवं. दोन्ही एकदम उचलून चालणं आता या वयात जमत नाही.

हे पत्र पोस्टात जाणार नाही, एवढी अक्कल मला आहे. आणि एक गोष्ट मी भाचीला सांगितलेली नाही. तिच्या फोनवर ते गाणं ऐकल्यापासून मला माझा अंतरा आठवत नाही. पहिले चार सूर येतात, मी खाली उतरायला जाते, आणि त्या बाईचा अंतरा मध्ये घुसून मला वर नेतो. सकाळी म्हणून बघते, भांडी घासताना म्हणून बघते. नाही येत.

तेव्हा उत्तर लेखी पाठवा. लिहिता येत नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही; कुणाकडून तरी लिहून घ्या, तुम्हाला ती सवय आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते आणि रस्त्यात डीजेपुढे काही ऐकू येत नाही, म्हणून तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत. उशिरा आलेल्या उत्तराचा विचार होणार नाही. आधी अंतरा लिहा, सरगममध्ये, एकही सूर न गाळता. खुलासा नंतर दिलात तरी चालेल.