सारवलेली पडवी

वरंध, शनिवार संध्याकाळ, जून १९९८

आज महाडला आमच्या कॉलेजच्या बाईंनी विचारलं, "नर्सिंगचा कुठला कोर्स घेतेस?" मी पटकन सांगून टाकलं, मुंबईचा, तीन वर्षांचा. इतक्या पटकन कसं निघालं तोंडातून? आई समजून बसलीय की मी जवळचा, दीड वर्षाचा करून गावातच नर्स होणार. हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी? मीच ना!

घरी आले तर तिने पडवी सारवलेली. "बायका सुई टोचून घ्यायला इथंच बसतील गो." शेजारच्या काकूंनाही सांगून झालंय. मी नुसती हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

खरं म्हणजे मला गावात राहायचंच नाही. मोठ्या वॉर्डात, पांढऱ्या कपड्यांत फिरायचंय. बस्स.

शेवटी आईला मुंबईचं सांगितलं. तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून तशीच ओल्या पडवीवरून बाहेर पडले. परत आले तेव्हा ती वाकून माझ्या पावलांचे ठसे हाताने बुजवत होती. वर न बघताच म्हणाली, "मुंबईला जाशील तवा तरी पडवी सुकू दे गो."