दहीभात खाऊनही न गेलेल्या बाया

आये, तुझ्या बाया गेल्याच नव्हत्या. लहानपणी मला कांजण्या आल्या तेव्हा तू मला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलंस. खाजवलं की हातावर फटका. "बाया पाहुण्या आल्यात, वंगाळ बोलू नगं," म्हणायचीस. खपल्या पडल्यावर दहीभात घेऊन त्यांना वेशीबाहेर सोडून आलीस, मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. चांगलं फसवलं गं तुला! त्या दहीभात खाऊन माझ्या मणक्याजवळ, नसेच्या मुळाशी, पाय पसरून झोपल्या. माझं लग्न झालं, लालबागला आले, पोरगा झाला, तुझा जावई गेला, तरी ह्यांची झोप मोडली नाही. आता म्हातारपणी अंगातला जोर ओसरला तशा उठल्या नि नस धरून कातडीवर आल्या. कमरेला फोडांचा अर्धा पट्टा. नागीण म्हणतात. साडीची निरी लागली तरी जीव जातो.

म्हणून चाळीतल्या आतल्या खोलीत पडलेय. बाहेरच्या खोलीत सून नि तिची तान्ही. माझी पहिली नात, नि मी अजून तिला हात लावलेला नाही. फोडातलं पाणी लागलं तर तिला कांजण्या होतील, एवढ्याशा जिवाला झेपायच्या नाहीत, म्हणाला डॉक्टर. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लांब राहायचं.

सून शाळेत विज्ञान शिकवते. काल दाराआडून मला शिकवत होती. "आई, विषाणूला तोंड नाही, पोट नाही. एकट्याला पिल्लंसुद्धा करता येत नाहीत. नुसती स्वतःला घडवायची कृती घेऊन फिरतो. आपल्या पेशीच्या कुलपाला त्याची चावी बसली की आत शिरतो. मग पेशी आपलं काम सोडून त्याचीच पिल्लं घडवत बसते."

"म्हणजे स्वतःची चूल नाही, दुसरीला राबवायचं?"

"हो."

"तुझ्या नवऱ्यासारखं."

ती एवढी हसली की पोर जागी झाली. मग म्हणाली, "तो जिवंत म्हणायचा की निर्जीव, ह्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही."

"विधवेचं तसंच असतं गं," मी म्हटलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला, आई," ती घाईनं म्हणाली. मी आत हसत होते, पण तिला कुठून दिसणार?

आज बारसं आहे. बायका पाळणा म्हणतायत नि मी भिंतीला कान लावून बसलेय. एकीचा सूर पार गेलाय. पोर रडतेय, कुणाच्या हातात राहीना. कुणीतरी म्हणालं, "सासूला कोंडून बारसं करतात का गं?" सुनेचं नुसतं "जो जो" ऐकू आलं. सकाळीच दाराशी येऊन म्हणाली होती, "आई, दार उघडून लांबून तरी बघा. तेवढं चालतं."

हे तुला पोचणार नाही, नि सुनेच्या हाती मी पडू देणार नाही, म्हणून लिहिते. कडी आतून मीच लावलीय, आये. पोर रडली की माझे पाय आपोआप उठतात.