डिस्कवर न पोचलेलं लग्न

४ मे, नांदुरा
खवटचा मेल. (नाव मीच ठेवलेलं.) कॉम्प्युटरच्या कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, फायली लिहिण्याच्या भागाचा हा राखणदार, त्याच्या होकाराशिवाय माझा पॅच, कोडातला बदल, आत जात नाही. म्हणतो, वेगाचे आकडे सुंदर आहेत, पण डेटा डिस्कवर पोचायच्या आधीच तुझा कोड ‘झालं’ म्हणत असावा. सगळ्या मेलिंग लिस्टसमोर म्हणतो.
असावा म्हणे. कोड वाचायला डोळे लागतात, नुसता खवटपणा पुरत नाही.
कल्पना साधी आहे. जो तो प्रोग्राम आपला तुकडा घेऊन डिस्ककडे धावतो. मी सगळ्यांचं जमवते आणि एकदाच लिहिते. जामोदची काळीपिवळी जीप तरी सीट भरल्याशिवाय सुटते का?

७ मे
दादाच्या स्टुडिओतल्या मशीनवर माझा कर्नल टाकला. लग्नसराई, दिवसभर व्हिडिओची कॉपी. अशी चाचणी ऑफिसात मिळायची नाही. दादाला एवढंच सांगितलं, फास्ट करून देते. त्याने पुढे विचारलं नाही, कोड अजून कच्चा आहे हे मीही सांगितलं नाही.
सलीमभाई खूश. मी शाळेत होते तेव्हापासून हे दादाचे कॅमेरामन. कॉपीची पट्टी भरली की लगेच कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं ही त्यांची शिस्त, कारण उद्या दुसरं लग्न. म्हणाले, “ताई, आधी कॉपीत चहा होऊन जाये. आता कप उचलला नाही तं झालंबी.”
हे वाक्य खवटला पाठवावंसं वाटलं.

१२ मे
वेग चढाच. खवटला नवे आकडे. बस म्हणावं चघळत.
स्टुडिओतला इन्व्हर्टर मेलाय. दादा म्हणतो, सीझन झाल्यावर पाहू.

१६ मे
रोहिणखेडचं लग्न गेलं.
काल सलीमभाईंनी पट्टी भरलेली पाहिली, कार्ड पुसलं. तेवढ्यात लाइट गेली. आज फोल्डर उघडलं तर फायलींची नावं आहेत, आत काही नाही. कार्डावर आता आजचं जामोदचं लग्न.
नवरीच्या वडिलांना खुर्चीत बसवून मांडवात आणलं होतं. त्यांच्या आजारपणामुळेच घाईघाईत उरकलेलं.

१८ मे
वडील गेले. मुलीचा भाऊ आला होता. “जसा असन तसा द्या. बाबा दिसले म्हंजे झालं.”
दादा सलीमभाईंवर घसरला, गिऱ्हाइकासमोर. “काऊन पुसलं बे कार्ड?”
“भाऊ, झालं म्हणून आलं होतं ना.”
“आंधया आहे का तू? उद्यापासून येऊ नको.”
वयाने मोठ्या माणसाला बे. आजवर कधी अहोजाहो सोडलं नव्हतं. मी तिथेच होते, मशीनचे लॉग, आतल्या नोंदी, काढत. मान वर केली नाही.

१९ मे
सापडलं. दोन प्रोग्रामचं लेखन एकाच वेळी आलं, की माझा कोड दुसऱ्याला डिस्कची वाट न बघताच ‘झालं’ सांगून मोकळा होतो. खवटने बोट ठेवलं होतं तिथेच. मेल्याला दिसलं होतं.
दुरुस्त केलं. आणि लाज वाटायच्या आधी वेग किती पडला ते पाहिलं. फार नाही पडला. बरं वाटलं. अशी आहे मी.

२० मे
सलीमभाई घरी. बसले, पण खुर्चीच्या काठावर.
“ताई, तुमाले यातलं सगळं समजते. तुमी सांगानं भाऊले. म्या झालं पाह्यलं होतं. माये डोये खराब नाई झाले.”
पाहते म्हटलं. एवढा विश्वास कशाला ठेवावा माणसाने? त्यांचाच राग आला. जाताना आईची तब्येत विचारून गेले.

२१ मे
खवट चक्क नरमला. पॅचची दुरुस्त आवृत्ती घ्यायला तयार आहे. एकच प्रश्न: जुन्या आवृत्तीमुळे कुणाचा खरोखर डेटा गेला का? गेला असेल तर पॅचच्या वर्णनात लिही.
‘नाही’ लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
दादा वर आला. “पाह्यलं का मशीन? सलीमचीच चूक ना? मलकापूरचा एक पोरगा काम मांगून राह्यला. त्याले हो म्हणून टाकू?”
जरा थांब म्हटलं.
बरं म्हणाला, आणि दारातच उभा आहे. मी मशीनचंच काही टाइप करतेय असं त्याला वाटतंय; मेलमध्ये ते ‘नाही’ तसंच आहे, अजून पाठवलेलं नाही.