आजी, तो विणतो

टिसामेझो, ३ फेब्रुवारी १९९१

ती. देझोदादास,
धाकट्या एटेल्काचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला महिना लागला, कारण माझे शनिवार आता माझे राहिलेले नाहीत. दर शनिवारी बसने सेगेडला जाते. तिथे आम्ही चाळीस रशियनच्या मास्तरणी पोरींसारख्या बाकांवर बसतो आणि जर्मन शिकतो. सगळ्यांचे चष्मे वाफेने धुरकटलेले आणि सगळ्यांचे पाय सुजलेले.

एकोणतीस वर्षं मी रशियन शिकवलं. पोरांना ते नको होतं, त्यांच्या आईबापांना नको होतं आणि खरं सांगू, मलाही फारसं नको होतं; पण ते मला येत तरी होतं. आता हेडमास्तर लकातोश म्हणाले की सरकार बदललं, रशियन संपलं, तिसरीपासून जर्मन सुरू. शिकवणार कोण, असं मी विचारलं, तर म्हणतात कसे, एटेल्काबाई, तुम्हीच. परक्या भाषेची तुम्हाला सवय आहेच. जणू एक मोटार चालवणाऱ्याला दुसरी चालवता येते तसं.

शनिवारी शिकते ते सोमवारी शिकवते. पोरं सव्वीस, आठ-नऊ वर्षांची, आणि माझ्यात नि त्यांच्यात अंतर एका धड्याचं. मे महिन्यात परीक्षक येऊन माझा तास बघणार. पास झाले तर पेन्शनपर्यंतची चार वर्षं निभतील, नाही तर नोकरी गेली. अख्ख्या शाळेत जर्मन कळणारं दुसरं कुणी नाही. तू पस्तीस वर्षं सरहद्दीपलीकडे ग्राझमध्ये जर्मन बोलत राहतो आहेस. सोपी वाक्यं एका कॅसेटवर बोलून पाठवशील का? पोरांच्या कानावर खरं जर्मन पडू दे.

तब्येतीला जप. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी,
एटेल्का


ग्राझ, १८ फेब्रुवारी १९९१

चि. एटेल्कास,
दादाचे अनेक आशीर्वाद. मी ठीक, गुडघा सोडून.

कॅसेट सोबत पाठवतो आहे. माझं खरं जर्मन म्हणजे ट्राम डेपोतलं जर्मन, तेव्हा पोरांनी ब्रेक दुरुस्त करायला घेतले तर मला बोल लावू नकोस. लहानपणी मी रशियन कविता पाठ करताना चुकलो की तू मला काठीने ढोसायचीस. आता तू शिष्या आणि मी मास्तर. देव उशिरा का होईना, बघतो.

पण एटेल्का, हे सगळं कशासाठी? एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा परीक्षा? माझ्या हेडविगला जाऊन दोन वर्षं होतील. तिची शिवणाची खोली रिकामी पडली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. इथे येऊन राहा. जर्मन शिकायचंच असेल तर बेकरीत पाव घेता घेता शिकशील, परीक्षक कुणी येणार नाही. तुझ्या मागे तरी कोण आहे तिथे? आणि माझ्या मागे इथे?

विचार कर. पत्र पाठवत जा, वाट बघतो.
तुझा,
देझो


टिसामेझो, २४ मार्च १९९१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कॅसेटने वर्गात धुमाकूळ घातला आहे. तू प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतोस. पोरांना वाटलं, तोही जर्मनचाच भाग. आता सव्वीसच्या सव्वीस पोरं आधी खाकरतात आणि मग शुभ सकाळ म्हणतात. मी दोन दिवस दटावलं, मग सोडून दिलं. या वयाची पोरं टीपकागद असतात रे. आपण जे सांडू ते टिपतात, आपल्याला नको असलेलंसुद्धा.

आता कामाचं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मातृदिन. लकातोश म्हणतात की तिसरीने जर्मन गाणं म्हणायचं. पुस्तकात धड गाणं नाही, म्हणून मीच एक रचलं. बाबा लाकडं फोडतो, आई रांधते, आजोबा झोपतो, आजी विणते, असं. प्रत्येक ओळीला हाताची कृती. रविवारी सहावीच्या वह्या तपासून झाल्यावर डोळे मिटत असताना लिहिलं आहे. कागद सोबत जोडते. एकेक शब्द नीट तपास. तू बरोबर म्हणालास की मगच मी ते पोरांच्या तोंडी घालीन. परीक्षकांनाही तेच म्हणून दाखवणार आहे.

खोलीबद्दल म्हणशील तर, तुझी माया कळते. पण मी हरून येणार नाही. आणि तू का येत नाहीस? सरहद्द उघडून दीड वर्ष झालं. दर पत्रात तुझं पुढच्या वर्षी.

थकले आहे, बाकी बरी आहे. जीव लावतोस तसाच लावत जा.
तुझी,
एटेल्का


ग्राझ, ४ एप्रिल १९९१

चि. एटेल्कास,
आशीर्वाद विशेष.

गाणं वाचलं. सगळं बरोबर आहे. कुठे हात लावू नकोस.

खोलीला नवे पडदे लावले. पिवळे.

घाईत आहे, ओलावा तोच.
देझो


टिसामेझो, २६ मे १९९१

ती. दादास,
नमस्कार.

मातृदिन जोरात झाला होता. आया रडल्या, लकातोशांनी दोनदा नाक शिंकरलं. गाण्यातलं अक्षरही त्यांना कळलं नव्हतं, म्हणून तर रडता आलं.

गुरुवारी परीक्षक आल्या, हल्मोशबाई. मागच्या बाकावर बसल्या. पोरांनी खाकरून नमस्कार केला, त्या हसल्या. मला वाटलं, जमलं. मग गाणं. दुसऱ्या ओळीला त्यांची पेन्सिल थांबली. चौथ्या ओळीला त्यांनी चष्मा काढला. गाणं संपल्यावर त्यांनी पहिल्या बाकावरच्या बोरोकाला जर्मनमध्ये विचारलं की आजी काय करते. पोरीने ताठ उभं राहून सांगितलं: आजी, तो विणतो. मग आईचं विचारलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला: आई, तो रांधतो.

दादा, तेव्हा कुठे मला कळलं. आपल्या भाषेत 'तो' आणि 'ती' असे वेगळे शब्दच नाहीत; आई असो की बाप, दोघांना एकच शब्द. रशियनमध्ये तो आणि ती मी एकोणतीस वर्षं पोरांच्या डोक्यात ठोकले, एकदा चुकले नाही. आणि जर्मनमध्ये सगळ्या बायकांना पुरुष करून बसले! लिहिताना दिसलं नाही, शिकवताना दिसलं नाही. डोळे त्या शब्दावरून गेले आणि मनाने तिथे आपलाच शब्द वाचला.

हल्मोशबाई चांगल्या आहेत. नंतर म्हणाल्या की बोलताना तुम्ही चुकलात तर मी सोडून देईन, आम्ही सगळेच चुकतो. पण आठव्या वर्षी तोंडात बसलेलं सहजी निघत नाही. गाणं कुणी तपासलं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाने, तो ग्राझचाच झाला आहे. त्या सप्टेंबरअखेर पुन्हा येणार, आणि ती शेवटची संधी.

तुला दोष देत नाही. इतकी वर्षं तिथे राहूनही आपली जीभ आपलीच राहते, तुझ्याही नजरेतून सुटलं असेल. शुक्रवारी पोरांना दुरुस्त करून सांगितलं. बोरोका म्हणाली की बाई, आधीचंच छान वाटतं. मी खुर्चीत बसले ती तास संपेपर्यंत उठले नाही.

त्या खोलीत कपाट मावेल का रे? सहज विचारते.
लोभ धर.
एटेल्का


ग्राझ, ३ जून १९९१

प्रिय एटेल्का,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

कपाट मावेल. तुझं पत्र वाचून मी आधी खोली मोजली, हे तुला कळायला हवं. मोजताना खूश होतो. मग बोरोकाची ओळ पुन्हा वाचली आणि टेप हातातच राहिली.

माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. कागद उघडल्याबरोबर दिसलं. लग्नानंतर दहा वर्षं मी हेडविगला 'तो' म्हणत होतो. शेजाऱ्यांना सांगायचो, माझी बायको, तो बाजारात गेला आहे. ती हसून बेजार व्हायची आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करायची. ही एक चूक मला झोपेतसुद्धा ऐकू येते.

लाल पेन्सिल हातात घेतली होती. मग वाटलं, गाणं असंच गेलं तर ती नापास होईल. नापास झाली तर इथे येईल. तुला वाईट वाटेल, पण थोडे दिवस, असा हिशोब केला. सव्वीस पोरं त्या हिशोबात धरलीच नाहीत. इथे संध्याकाळी मी रेडिओशी आपल्या भाषेत बोलतो. ही सबब नाही, नुसतं सांगतो.

तू काय म्हणशील ते कबूल आहे. पण काहीतरी म्हण.
देझो


टिसामेझो, १२ जून १९९१

देझो,

पत्र आलं त्या दिवशी चुलीत घातलं होतं, अर्धं जळल्यावर बाहेर काढलं. नमस्कार या वेळी नाही.

मी तुझ्याकडे येत नाही. कपाट इथेच राहील. लकातोशांना सांगितलं की सप्टेंबरची परीक्षा देणार. ते म्हणाले की तुम्ही फार दमलेल्या दिसता. मी म्हटलं, दमले आहेच, त्याचा इथे काय संबंध?

माझ्याबद्दल तू जे केलंस ते मी एक दिवस विसरेन. तुझा एकटेपणा मला कळतो, माझ्याही घरात रेडिओच आहे. पण पोरांचं काय? ती मला विचारतात की कॅसेटवरचे काका चुकले का. त्यांना वाटतं, गाणंही तूच शिकवलंस. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण ते उत्तर माझं नाही.

शाळा सोमवारी, दोन सप्टेंबरला उघडते. त्यांचा दुसरा तास जर्मनचा. रविवारच्या गाडीने ये. फळ्यासमोर उभा राहा आणि आजी विणते, आई रांधते, हे तुझ्या तोंडाने त्यांना सांग. ते पक्कं बसेपर्यंत रोज सांग, मग दोन आठवडे लागोत की चार. पस्तीस वर्षं तुला घरी यायला कारण सापडत नव्हतं. हे घे.

स्टेशनवर मी असेन. मी तुझ्यावर फार रागावले आहे, देझो, आणि कागदावर मला नीट रागावता येत नाही. त्याला माणूस समोर लागतं.

एटेल्का