पायाळू

जाफराबाद,
दि. ९ जानेवारी १९५८

ती. अक्कास धाकट्या श्रीपतीचा साष्टांग नमस्कार.

आज पहाटे कानांत थाळी वाजली. आपल्या घरची, काशाची. अरुंधती जन्मली तेव्हा मुलगी म्हणून बायका गप्प बसल्या होत्या, अन् तू उलथन्यानं अशी बडवलीस की शेजारचा बद्रीनाथ विचारायला आला, “मुलगा झाला काय?” तू म्हणालीस, “लेक आलीय. ऐकू न्हाई आलं?”

इकडे सर्व खुशाल. तूर बरी आहे. हिनं डिंकाचे लाडू केलेत, पण तुझ्या हातची चव न्हाई. केदारखेड्याला तुझा खोकला कसा आहे?

अरुंधतीला मुलगी झाली, जालन्याच्या दवाखान्यात. आता दोघींना घरी आणलंय. कानावर आलंच असेल. तरी माझ्याकडून कळावं. अरुंधतीनं दवाखान्याचा हट्ट धरला, तेव्हा तू थाळी गाठोड्यात बांधून निघताना म्हणालीस, “या घरातली सगळी लेकरं सगुणाबाईनं हातावर घेतली. त्या सुईणीचा मान मोडून पोरगी परक्या पुरुषापुढं निजणार? मंग मला बोलवू नका.”

पुरुष न्हाई, अक्का, डॉक्टरीणबाई आहेत. लोखंडी खाट, फिनेलचा वास, खाटेखाली शेगडी न्हाई. वऱ्हांड्यात मी शाळेतल्या आर्या पुटपुटत फेऱ्या घालीत होतो. सिस्टर म्हणाली, “आजोबा, कविता मनात म्हणा.” मनात म्हणू लागलो तर तिसऱ्याच चरणावर अडलो. इतक्या वर्षांचं पाठांतर, अन् ऐन वेळी दगा!

शेवटी डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या. “बाळ पायांकडून आलं. पण दोघी बराबर आहेत. मोठी धीराची आहे हो तुमची मुलगी.”

माझी मुलगी! मला वाटलं, अख्ख्या जालन्यानं ऐकावं. वाजवायला थाळी नव्हती, म्हणून छत्रीच्या मुठीनं खांब ठोकला. सिस्टर पुन्हा रागावली. रागावू दे.

पुढचं लिहू की नको करता टाक दोनदा वाळला. जाताना मोटारीत मी अरुंधतीला विचारलं होतं, “माहेरची खोली का नको झाली, बाई?” ती म्हणाली, “अण्णा, त्याच खोलीत आत्याचं बाळ गेलं. बाळंतपणाला तुला कुठं जायचंय, असं आत्याला कुणी विचारलं होतं?”

तुझं बाळही पायाळूच होतं. मी दाराबाहेर उभा होतो. थाळी वाजायची वाट बघत राहिलो, ती वाजली न्हाई. त्यावर आपण कधी बोललो न्हाई. तुझा राग सगुणाबाईपायी आहे असं तू म्हणतेस. मी ऐकून घेतो.

थांब, कुणीतरी कडी वाजवतंय.

अक्का, सगुणाबाई आली आहे! काखेत तेलाची बाटली. मी गडबडलो. म्हटलं, “बाई, तुम्ही रागावल्या होत्या ना?”

“मी? कुणी सांगितलं?”

“अक्का तर तुमच्यासाठी रुसून गेलीय.”

“दुर्गाबाई माझ्यापायी गेल्ती व्हय? मला इचारलं तरी का? अन् बाळाचं अंग चोळायला तुमचा दवाखाना येऊन राह्यला काय? सरका तिकडं.”

आता आत बाळ रडून राह्यलंय, सगुणाबाई त्याला दटावतेय, अरुंधती हसतेय. या घरात रुसलेलं आता कुणी उरलं न्हाई.

बारसं तू येशील त्या दिवशी करू. थाळी तुझ्याकडेच आहे.

अजून दाराबाहेर उभा असलेला,
तुझा श्रीपती