मध्ये बोललेली बाई काढू नये

मी, वय सत्तावीस, काम म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही, तिचं ऑपरेशन गुरुवारी आहे. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम आहे. त्यांचं असेल. वकिलांचा मसुदा मला निम्मा कळला नाही, म्हणून हे माझ्या शब्दांत.

एक. सायकल दादाला. आजवर तिला डबडं म्हणत आलाय, आता त्यानेच चालवावी. घंटी बदलू नये.

दोन. बँकेत असेल ते बाबांचं. त्यातून आधी दातांचं काम करून घ्यावं. पुढच्या महिन्यात बघू, हे चालणार नाही.

तीन. माझा चांगला हेडफोन आमच्या मुलाखतींच्या संग्रहातल्या साउंडवाल्याला. तो मला ‘खरखरवाली’ म्हणतो, कारण मी त्याला रेकॉर्डिंगमधली कुठलीच खरखर पुसू देत नाही. हेडफोन मिळेल, पण चौथं कलम पाळलं तरच.

चार. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची मुलाखत मी आमच्याच स्वयंपाकघरात घेतली होती. काका पहिल्या दुकानाबद्दल सांगत होते आणि मी सारखे प्रश्न विचारत होते. तेवढ्यात ओट्यापाशी उभी असलेली आई म्हणाली, “अगं, बोलू दे की त्यांना. किती मध्ये मध्ये करतेस.”

आईचा आमच्याकडे एवढाच आवाज आहे. तिच्यापुढे रेकॉर्डर ठेवला की ती “माझं काय सांगण्यासारखं” म्हणून उठून जायची. त्याच हिवाळ्यात ती गेली.

तेव्हाचा आमचा रेकॉर्डर फक्त एमपीथ्री बनवायचा. जागा वाचवायला, माणसाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटेल ते तो टाकून द्यायचा. आई लांब उभी होती. तिचा निम्मा आवाज त्याने तेव्हाच टाकून दिला.

हे मी बाबांना सांगितलं, तर त्यांनी कुठूनतरी शिकून त्या फाइलची काहीच न टाकणारी, मोठी वेव्ह फाइल करून आणली. “बघ, दहापट झाली. आता ऐक.” आम्ही दोघांनी ऐकलं. फाइल दहापट झाली होती, आई तेवढीच होती. बाबा म्हणाले, “परत लाव.”

आता संग्रह सांभाळणाऱ्या ताई म्हणतात, सगळ्या मुलाखती साफ करून नव्याने लहान करू, मूळ फाइली काढून टाकू, जागा नाही. साउंडवाला मला म्हणाला, “मागे कोणीतरी बाई बोलतेय, तिला काढतो.” मी म्हटलं, “ती माझी आई आहे.” पण कामाच्या यादीतून ती फाइल अजून निघालेली नाही.

म्हणून लिहून ठेवते. मूळ फाइल आहे तशीच राहावी. साफ करू नये, पुन्हा लहान करू नये. दर वेळी थोडी आई जाते. ऐकायला हवी तर नक्कल करावी. तीन ठिकाणी ठेवावी: संग्रहात, दादाकडे आणि बाबांच्या फोनमध्ये. वर्षातून एकदा कोणीतरी पूर्ण ऐकावी, नुसती फाइल दिसतेय म्हणून समाधान मानू नये. आणि नोंदीत ‘पार्श्वभूमीला अडथळा’ लिहिलंय, ते खोडून तिथे आईचं पूर्ण नाव लिहावं. हे सगळं ताईंनी बघावं. त्या रागावल्या तरी शब्द पाळतात.

पाच. तिच्या वाक्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये मी थोडा वेळ गप्प आहे. पुढे ती अजून काहीतरी म्हणते, ते मला कधीच कळलं नाही. पुढेमागे असं यंत्र निघालं की ज्याला ते कळेल, तर आधी बाबांना ऐकवावं.

मी घरी परत आले तर हे मृत्युपत्र रद्द. चौथं कलम सोडून.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, ओट्यापाशी.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार.
सही: धाकटी

साक्षीदार:
वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. (सही)
शिंपीकाका. (सही) पोरीने सगळं वाचून दाखवलं. मी मध्ये बोललो नाही.